ऐरोलीतील एका सल्लागार संस्थेची परिणाम-मूल्यांकन सेवा

नवी मुंबईतील टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यातील एका प्रस्तावित विस्ताराचा आरोग्य, पर्यावरण आणि उपजीविका यांवर काय परिणाम होईल, हे जाणून घेण्यासाठी आमच्या गृहनिर्माण संस्थांच्या महासंघाने ऐरोलीतील एका खासगी सल्लागार संस्थेची सेवा घेतली. हवेचे काम त्यांनी अतिशय जबाबदारीने केले. पीएम २.५ चे, म्हणजे हवेतील अतिसूक्ष्म कणांचे, प्रमाण त्यांनी वार्षिक ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर या भारतीय मानकाशी तर ताडलेच, शिवाय जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेल्या ५ मायक्रोग्रॅमच्या पातळीशीही ताडले. आणि केवळ हिवाळ्यातील मोजणीवरून वर्षाची सरासरी सांगता येत नाही, हे अहवालात ठळकपणे नोंदवले. असा प्रामाणिकपणा दुर्मीळ आहे. २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) असलेल्या ठाणे खाडीतील सांडपाण्याचा विचारही समाधानकारक आहे.

सामाजिक-आर्थिक प्रकरण मात्र फारच तोकडे वाटले. नव्या नोकऱ्यांचा आकडा थेट प्रकल्पाच्या माहितीपत्रकातून उचललेला असून खाडीवर पोट असलेल्या दिवा कोळीवाड्यातील एकाही कुटुंबाशी, विशेषतः मासळी विकणाऱ्या स्त्रियांशी, कोणी बोललेले नाही. ज्यांचे उत्पन्न बुडण्याची शक्यता सर्वाधिक, त्यांनाच वगळून काढलेला लाभ-हानीचा ताळेबंद धोरणकर्त्यांपुढे ठेवणे मला अन्यायकारक वाटते. शुल्क वाजवी होते. २००६ च्या पर्यावरणीय परिणाम-मूल्यांकन अधिसूचनेनुसार जनसुनावणीसाठी स्थानिक भाषेतील सारांश आवश्यक असतो. या संस्थेने आमच्यासाठी संपूर्ण अहवालच सुबोध मराठीत दिला. ही सेवा जरूर घ्यावी, परंतु बाधित कुटुंबांच्या मुलाखतींची अट करारातच लिहून घ्यावी.