कागदावरचा माल्टीपू

गेल्या वर्षी जुलैमध्ये आम्ही पुण्यात ‘माल्टीपू’ म्हणून एक पिल्लू ६५,००० रुपयांना विकत घेतले. माल्टीपू म्हणजे माल्टीज आणि छोट्या पूडलचा संकर. सासूबाईंना दमा आहे, आणि या कुत्र्यांचे केस गळत नसल्यामुळे दम्याच्या माणसाला त्यांचा काहीही त्रास होत नाही, असे विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितल्यामुळेच आम्ही एवढी रक्कम मोजायला तयार झालो. ते विधान मुळातच फसवे होते. पूडलचे केस कमी गळतात हे खरे. पण ॲलर्जी आणणारी प्रथिने कुत्र्याच्या लाळेत आणि त्वचेच्या कोंड्यात असतात, आणि संकरात तर एकाच वेतातील भावंडांचे केससुद्धा सारखे निघतील याची खात्री नसते.

या धंद्यात पिल्लू ‘पेपरवाले’, म्हणजे वंशावळीचा दाखला असलेले, असते किंवा ‘बिनापेपरचे’, आणि पेपरसाठी विक्रेत्याने १५,००० रुपये जास्त घेतले होते. केनेल क्लब ऑफ इंडिया ही चेन्नईची संस्था शुद्ध वंशाच्या कुत्र्यांची नोंदणी करते. दोन जातींच्या संकराला तिचा वंशावळीचा दाखला मिळतच नाही. म्हणजे जातीच्या रकान्यात ‘माल्टीपू’ लिहिलेला तो कागद त्या एका शब्दानेच खोटा ठरत होता, आणि मी तो महिनाभर कपाटात जपून ठेवला होता. कागदावर मायक्रोचिपचा, म्हणजे ओळखीसाठी कातडीखाली बसवतात त्या चिपचा, पंधरा आकडी क्रमांकही होता. पुढे पशुवैद्यांनी पिल्लाच्या मानेवरून, खांद्यांवरून तीन-चार वेळा स्कॅनर फिरवला, पण चिप सापडली नाही.

पिल्लाच्या आईला बघायला येऊ का, असे मी दोनदा विचारले होते. बाहेरच्या माणसांमुळे बाकीच्या पिल्लांना संसर्ग होतो, असे उत्तर मिळाले, आणि मला तो माणूस उलट काळजी घेणारा वाटला. अखेर महामार्गालगतच्या एका पेट्रोल पंपावर, पुठ्ठ्याच्या खोक्यात ते पिल्लू आमच्या हाती दिले गेले. निम्मे पैसे आधी फोनवरून पाठवले होते, उरलेले तिथे रोख दिले.

आमच्या मुलीने पिल्लाचे नाव पिठी ठेवले. दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांनी तिचे तोंड उघडून पाहिले, तर दुधाच्या दाढा पुरत्या फुटल्याही नव्हत्या. वय फार तर पाच आठवडे असावे, असे ते म्हणाले. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकण्यास २०१७च्या श्वान प्रजनन नियमांनुसार मनाई आहे, आणि ब्रीडरची, म्हणजे कुत्र्यांची पैदास करणाऱ्याची, राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असणे बंधनकारक आहे, हे मला तेव्हा प्रथमच कळले. लसीच्या कार्डावर तारीख होती, पण कुपीवरचे लेबल चिकटवलेले नव्हते. चौथ्या दिवशी तिला रक्ताचे जुलाब सुरू झाले. पार्व्हो हा पिल्लांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार निघाला. सहा दिवस सलाईन चालू होते, आणि त्यातील दोन रात्री ती वाचेल असे कोणीच म्हणत नव्हते.

पिठी वाचली. आज तिचे वजन नऊ किलो आहे, कान ताठ, शेपटी पाठीवर वळलेली आणि केस सरळ, दाट, घरभर गळणारे. तिच्यात स्पिट्झचे आणि गावठी कुत्र्याचे रक्त असावे, असा पशुवैद्यांचा अंदाज आहे. ती अतिशय गुणी आहे आणि तिला परत करण्याचा विचार आमच्या मनात कधीच आला नाही. पण सासूबाईंच्या खोलीचे दार आता बंद ठेवावे लागते, आणि ज्यांच्यासाठी आम्ही एवढी चौकशी केली त्याच तिच्याशी दाराआडून बोलतात.

सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली, तेव्हा विक्रेत्याचा फोन बंद झालेला होता. फोनवरून पाठवलेल्या पैशांची नोंद तरी आहे, रोख रकमेचा काहीच पुरावा नाही. तक्रारीत मी पिठीच्या आईबद्दलही लिहिले आहे, कारण पाच आठवड्यांत पिल्ले काढून घेतली जाणारी ती कुत्री अजून त्याच माणसाकडे असणार, आणि तिच्यापर्यंत अद्याप कोणी पोहोचलेले नाही.