गिश की ब्रुक्स: आधी कोणाचे पुस्तक वाचावे?

अमेरिकी मूकपटांचा काळ अभिनेत्रींच्याच लेखणीतून समजून घ्यायचा असेल, तर लिलियन गिश यांचे ‘द मूव्हीज, मिस्टर ग्रिफिथ अँड मी’ (१९६९) हे आत्मचरित्र आणि लुईझ ब्रुक्स यांचा ‘लुलू इन हॉलीवूड’ (१९८२) हा सात लेखांचा संग्रह, यांपैकी आधी कोणते घ्यावे असा प्रश्न पडतो. माझे मत ब्रुक्स यांच्या बाजूने आहे.

गिश यांचे पुस्तक दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्यावरील निष्ठेचे आहे. ‘वे डाउन ईस्ट’च्या चित्रीकरणात वाहत्या हिमखंडावर पडून राहताना हात आणि केस गोठत्या पाण्यात सोडावेत, ही कल्पना त्यांचीच होती आणि त्या हाताचे दुखणे पुढे कित्येक वर्षे टिकले. चित्रपट नावाची कला नव्यानेच आकाराला येत असताना माणसे किती झोकून देऊन काम करीत, हे इथे दिसते. मात्र कृष्णवर्णीयांचे विद्वेषी चित्रण करणाऱ्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’विषयी लिहितानाही त्या ग्रिफिथ यांचीच पाठराखण करतात, ती पाने डोळे उघडे ठेवून वाचावीत.

ब्रुक्स कोणाचीच भीड ठेवत नाहीत, स्वतःचीही नाही. १९२८ मध्ये पॅरामाउंट या चित्रपट कंपनीने पगारवाढ नाकारल्यावर त्या बर्लिनला दिग्दर्शक जी. डब्ल्यू. पाब्स्ट यांच्याकडे गेल्या. ‘पँडोराज बॉक्स’च्या अखेरच्या प्रसंगांसाठी पाब्स्ट यांनी ब्रुक्स यांचेच आवडते कपडे फाडून, मळवून त्यांना घालायला लावले, त्या कपड्यांत त्यांना जी मानहानी वाटली, तीच दिग्दर्शकाला पडद्यावर हवी होती. अभिनय कसा काढून घेतला जातो, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारे लेखन मी क्वचितच वाचले आहे. १९३८ नंतर चित्रपट संपले, न्यूयॉर्कच्या एका दुकानात विक्रेतीची नोकरी करावी लागली आणि १९५६ मध्ये रॉचेस्टरला गेल्यावर तिथल्या संग्रहालयात जुने चित्रपट पाहता पाहता त्या लिहू लागल्या. सलग, तारीखवार जीवनकथा हवी असणाऱ्याला मात्र हा संग्रह तुटक वाटेल.

सुरुवात त्यातील ‘गिश अँड गार्बो’ या, गिश आणि अभिनेत्री ग्रेटा गार्बो यांच्यावरील लेखाने करावी. भारी मानधन घेणाऱ्या गिश यांना एमजीएम या चित्रपट कंपनीने हेतुपुरस्सर मागे टाकले, असे ब्रुक्स तिथे मांडतात. मग गिश यांच्या पुस्तकातील ‘द विंड’ या चित्रपटाची पाने उघडावीत: मोहावेचे वाळवंट, विमानांच्या पंख्यांनी उडवलेली वाळू आणि त्याच एमजीएमसाठी त्या झोतासमोर उभ्या राहिलेल्या गिश.