दादाच्या नावाने सहा महिने : एका विवाह संकेतस्थळाचा अनुभव

दोन तारे. संकेतस्थळाचं नाव घेत नाही, कारण मोठी चूक माझी आहे. पण घरातल्या कुणाचं प्रोफाइल तुम्ही चालवत असाल तर हे वाचा.

आम्ही ठाण्यात, नौपाड्यात राहतो. दादा बोटीवर असतो, त्याला धड रेंज नसते. म्हणून आईने माझ्या मोबाइलवरून नोंदणी करायला लावली. फोटो, पगार, पत्रिका दादाची. ओटीपी आला माझ्या नंबरवर. तेवढ्यावर ‘पडताळणी झाली’ अशी खूण लागली. तिथल्या बाई पॅकेज वाढवायला फोन करायच्या, मला दादाच्या नावाने हाक मारायच्या, आणि मी हो म्हणायचो. प्रोफाइल कुणी बनवलं तिथे ‘भाऊ’ लिहिलं होतं, पण ते पानाच्या अगदी तळाशी. चॅटमध्ये फक्त दादाचं नाव आणि फोटो.

स्थळं शोधायची सोय चांगली आहे. पत्रिका जुळवणीवर आई खूश होती.

ऐरोलीच्या एका मुलीचं उत्तर आलं. पहिले चार मेसेज मी खरंच दादासाठी लिहिले. मग तिने विचारलं, समुद्रावर रात्री कसं वाटतं? दादाला विचारायला हवं होतं. मी आमच्या गच्चीवरून अंधारात येऊरचा डोंगर कसा दिसतो ते लिहिलं, डोंगराच्या जागी पाणी घालून. तिला ते फार आवडलं. बोटीवर वायफाय घेतलंय असंही सांगून टाकलं. ती रोज लोकलमधून लिहायची, ‘दिघा गेलं, आता ठाणे.’ ती ठाण्याला उतरायची तेव्हा मी स्टेशनपासून दहा मिनिटांवर असायचो आणि लिहायचो, ‘इथे अजून पहाट व्हायचीय.’ ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं कळलं नाही. तिचे आजोबा गेले त्या रात्री आम्ही तीनपर्यंत बोलत होतो. माझं प्रेम खरं होतं, नाव सोडून.

दादा सुट्टीवर यायच्या आठ दिवस आधी तिला तलावपाळीला बोलावलं, गडकरी रंगायतनसमोर. सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, “आजोबा गेले त्या रात्री कोण होतं?”

“मीच.”

बराच वेळ ती पाण्याकडे बघत होती. मग म्हणाली, “तुम्ही हे तुमच्या दादांना सांगितलंत?”

दादा आल्यावर त्यालाही सांगितलं. नंतर वाचलं की माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६ड नुसार, दुसऱ्याचं रूप घेऊन ऑनलाइन फसवणूक केली तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तिने तक्रार केली तर मी काही नाकारणार नाही.

संकेतस्थळाला एकच मागणी : चॅटमध्ये नावाखालीच ‘लिहिणारा : भाऊ’ असं दिसू द्या, आणि ज्याचं लग्न आहे त्याच्याशी स्वतः बोलून पडताळणी करा. प्रोफाइल बंद करा म्हणून कळवलं, तर कारणांच्या यादीत ‘लग्न ठरलं’ आणि ‘इतर’ एवढंच. ‘इतर’ निवडलं. पंधरा दिवस झाले, दादाचा फोटो अजून तिथेच आहे, खुणेसकट.