हार्मोन घ्यायचे की सोसायचं?

"हार्मोनच्या गोळ्या? नको गं बाई, कॅन्सर होतो." नौपाड्यातली भिशी असो की घोडबंदरच्या सोसायटीतला मॉर्निंग वॉक, पाळी जाण्याचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. ते हवेतून आलेलं नाही. अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अभ्यासाचा इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन या दोन हार्मोनच्या एकत्र गोळीचा भाग 2002 मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला. हिशेब असा होता: 10,000 बायकांनी वर्षभर गोळी घेतली तर स्तनाचा कॅन्सर 8 जणींना जास्त, पक्षाघात 8, फुप्फुसात रक्ताची गुठळी 8, हृदयविकार 7 जणींना जास्त. उलट खुब्याचं हाड मोडणाऱ्या 5 जणी कमी, मोठ्या आतड्याचा कॅन्सर होणाऱ्या 6 कमी. भिशीपर्यंत पोचताना 10,000 हा आकडा गळाला. त्या बायकांचं सरासरी वय 63 होतं, हेही गळालं. आपल्याकडे पाळी साधारण 46-47 व्या वर्षी जाते.

त्यामुळे पहिली तुलना वयाची. साठीच्या आत असाल, पाळी जाऊन 10 वर्षं झाली नसतील आणि अंगातून निघणाऱ्या वाफांनी झोप उडाली असेल, तर बहुतेकींच्या बाबतीत फायद्याचं पारडं जड आहे. वाफांवर इस्ट्रोजेनइतकं गुणकारी दुसरं काही नाही, शिवाय हाडांची झीजही आटोक्यात राहते. पण 65 व्या वर्षी, कसलाही त्रास नसताना, 'हृदयाला चांगलं असतं म्हणे' म्हणून सुरू करणं मला तरी पटत नाही. चाळिशीच्या आत पाळी गेली किंवा ऑपरेशनमध्ये बीजांडकोश काढले, तर गणित पार उलटतं. तिथे न घेण्याचाच धोका मोठा, हाडांनाही आणि हृदयालाही. काही अडचण नसेल तर पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत डॉक्टर हार्मोन सुचवतात.

मग प्रश्न येतो गर्भपिशवीचा. ती शाबूत असेल तर नुसतं इस्ट्रोजेन चालत नाही. अस्तर वाढून गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका होतो, म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉन किंवा त्याच्यासारखं काम करणारं प्रोजेस्टिन हवंच. पिशवी काढलेली असेल तर इस्ट्रोजेन एकटं पुरतं. त्याच अमेरिकी अभ्यासात अशा बायकांमध्ये स्तनाचा कॅन्सर वाढला नाही, पक्षाघात मात्र थोडा वाढला. म्हणजे दोन मैत्रिणींची 'हार्मोनची गोळी' एकच असेल असं नाही, आणि एकीचा अनुभव दुसरीला लागू पडेलच असंही नाही.

गोळी की जेल, यावर सगळ्यात कमी बोललं जातं आणि फरक इथेच मोठा आहे. गोळी पोटातून आधी यकृतात जाते आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढतात. जेल किंवा पॅच त्वचेतून थेट रक्तात जातो, त्यामुळे नेहमीच्या डोसला गुठळीचा धोका वाढलेला दिसत नाही. वजन जास्त, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) चढलेले किंवा मायग्रेनचा त्रास असेल तर जेलबद्दल आवर्जून विचारा. गैरसोय आहेच: रोज लावायचं, ठाण्याच्या दमट हवेत वाळेपर्यंत थांबायचं, आणि तोवर नातवाला कडेवर घ्यायचं नाही.

फक्त कोरडेपणा किंवा वारंवार लघवीची जळजळ असेल तर ही सगळी चर्चा बाजूला ठेवा. योनीत लावायचं कमी डोसचं इस्ट्रोजेन क्रीम रक्तात नगण्य जातं. इतकी वर्षं त्याच्या खोक्यावरही गोळीइतकाच भीतिदायक इशारा असायचा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर 2025 मध्ये हार्मोन औषधांवरचे हे ठळक इशारे बरेचसे काढायचं जाहीर केलं.

स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला असेल, आधी गुठळी, पक्षाघात किंवा हार्ट अटॅक आला असेल, यकृताचा आजार असेल, तर सहसा हार्मोन नाहीत. खारघरला टाटाच्या कॅन्सर केंद्रात उपचार घेतलेल्या बाईने तिथल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय क्रीमसुद्धा सुरू करू नये. अशांसाठी व्हेनलाफॅक्सिन किंवा गॅबापेन्टिनसारख्या गोळ्या आहेत. वाफा कमी होतात, इस्ट्रोजेनइतक्या नाही, आणि हाडांना काही उपयोग नाही. स्तनाच्या कॅन्सरवरचं टॅमोक्सिफेन चालू असेल तर वाफांसाठी दिलं जाणारं पॅरोक्सेटिन टाळायचं, कारण ते त्याचा असर कमी करतं. शतावरी, सोयाबीन? खाऊ नका असं म्हणणार नाही, पण पुरावा तोकडा आहे.

सुरू करायचं ठरलं तर आधी बीपी तपासून आणि मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) करून घ्या. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला असेल तर त्याचं कारण सापडेपर्यंत थांबा. तीन महिन्यांनी डॉक्टरांना दाखवा, नंतर वर्षातून एकदा. मध्येच एक पोटरी सुजून दुखायला लागली किंवा अचानक धाप लागली, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता सरळ इमर्जन्सी गाठा.