प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना : झाडावरून पडलेल्या माणसाच्या घरातून

वर्षाला 20 रुपये हप्ता आणि 2 लाख रुपयांचे अपघात विम्याचे संरक्षण हा हिशेब मला कायम जाहिरातीतला वाटत असे. गेल्या वर्षी ऐन हंगामात काका आंब्याच्या जुन्या कलमावरून पाठीवर पडले, मणका मोडून मज्जारज्जू चेपला गेला आणि कमरेखालची हालचाल थांबली, तेव्हा या योजनेची नियमावली मी पहिल्यांदा शब्दन् शब्द वाचली.

योजनेची सर्वांत मोठी जमेची बाजू तिच्या व्याख्येत आहे. पूर्ण रक्कम मिळण्यासाठी दोन्ही पाय तुटलेलेच असावेत अशी अट नाही; त्यांचा वापर कायमचा आणि पुन्हा न येण्याजोगा गेला असेल तरी 2 लाख मिळतात, आणि मज्जारज्जूच्या इजेत नेमके हेच घडते. दुसरी गोष्ट कोकणातल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. रस्त्यावरील किंवा रेल्वेच्या अपघाताची पोलिसांत नोंद लागते, परंतु सर्पदंश किंवा झाडावरून पडणे अशा घटनांना रुग्णालयातील तात्काळ नोंद पुरते, असे नियमांत स्पष्ट लिहिले आहे. काकांच्या पहिल्या केसपेपरवर नुसते ‘पडल्यामुळे इजा’ असे होते. ‘आंब्याच्या झाडावरून’ हे शब्द मी त्याच रात्री ड्युटीवरच्या डॉक्टरांकडून लिहून घेतले, आणि पुढे तोच कागद कामी आला.

तक्रार आहे ती मुदतीविषयी. दाव्याचा अर्ज शक्यतो अपघातापासून 30 दिवसांत बँकेत द्यावा, असे नियम सांगतात आणि सोबत जिल्हा शल्यचिकित्सकांचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. पण इतक्या लवकर हे अपंगत्व ‘कायमचे’ आहे असे लिहून द्यायला कोणताही जबाबदार डॉक्टर तयार होत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण सुरुवातीचे काही आठवडे मज्जारज्जूची किती शक्ती परत येईल हे सांगता येत नाही. आमच्या बँकेच्या शाखेने प्रमाणपत्राशिवाय अर्जाला हातच लावायला नकार दिला. अखेर मी साध्या कागदावर अपघाताची सूचना लिहून आवक विभागात दिली आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतली. ती पोच नसती तर मुदत हुकली म्हणून दावा अडला असता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मिळालेल्या रकमेकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. रुग्णालयाच्या बिलाची भरपाई ही योजना करत नाही, आणि ज्याच्या पायांत अर्धवट ताकद उरली आहे, पण एकाही हाताचा वा पायाचा वापर पूर्णपणे गेलेला नाही, अशा रुग्णाला तर काहीच मिळत नाही. आमच्याकडे व्हीलचेअर, हवेची गादी आणि न्हाणीचे दार रुंद करणे यांतच पैसे संपत आले. कॅथेटरचा (लघवीच्या नळीचा) खर्च दर महिन्याचा आहे, आणि दर दोन तासांनी कूस बदलण्यासाठी काकूंना रात्री उठावे लागते, त्याचा हिशेब कुठल्याच विम्यात नसतो. सातबारा काकांच्या नावावर असल्याने राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतही अर्ज केला आहे. दोन अवयव निकामी झाल्यास तिथेही 2 लाखांची तरतूद आहे.

अपघात टाळण्याच्या बाबतीत योजना मुकी आहे. हप्ता कापल्याच्या संदेशासोबत दोन ओळी जरी आल्या असत्या, तरी काका पडल्यावर आम्ही त्यांना चौघांनी काखेत धरून टेम्पोत बसवले नसते. मान आणि पाठ न हलवता त्यांना आहे तिथेच ठेवून 108 ची वाट पाहिली असती. आवाक्यातल्या फांद्यांसाठी आता आम्ही दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला, म्हणजे खालूनच आंबे उतरवायचे साधन, वापरतो, आणि वर चढावेच लागले तर दोर व पट्टा बांधतो.

18 ते 70 वयाच्या प्रत्येकाने ही योजना घ्यावी असेच मी म्हणेन, मात्र मेअखेरीस खात्यात शिल्लक आहे ना ते पाहावे, कारण हप्ता तेव्हाच कापला जातो. यंदा आमच्या तिन्ही गड्यांचे अर्ज मीच भरले. पट्टा मात्र दोघेच बांधतात. तिसरा तो खालच्या फांदीला अडकवून वर जातो.