चक बेरी: पहिल्या नंबरचं गाणं की आठव्या?

आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या गावात भजनी मंडळातला एक पोरगा मोबाइलवर पाहून गिटार शिकतोय. परवा म्हणाला, "काका, चक बेरीचं कोणतं गाणं घेऊ?"

चक बेरी म्हणजे अमेरिकेचा रॉक अँड रोल गायक आणि गिटारवादक. त्याच्या गाण्यांची यादी पाहिली तर सगळ्यात वर 'माय डिंग-अ-लिंग'. 1972 मध्ये बिलबोर्ड या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत ते पहिलं आलं. त्या यादीत पहिलं आलेलं बेरीचं आयुष्यभरात तेवढं एकच. मूळ गाणं डेव्ह बार्थोलोम्यू या अमेरिकन संगीतकाराचं, द्व्यर्थी, इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या कार्यक्रमात लोकांकडून म्हणवून घेतलेलं. त्या रात्रीची मजा त्यात आहे, पण गिटार शिकणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही.

'जॉनी बी. गुड' 1958 चं, आठव्या नंबरापर्यंतच गेलं. पण सुरुवात ऐका! आधी एकटी गिटार धावत येते, मागून सगळा ताफा. गाण्यातला जॉनी खेड्यातला, लाकडी खोपटात राहणारा. लिहिणं-वाचणं धड जमत नाही, पण रुळांजवळच्या झाडाखाली बसून गिटार अशी वाजवतो की ऐकत राहावं. असा पोरगा आपल्याकडं तुरीच्या धुऱ्यावरही सापडेल.

1977 मध्ये अमेरिकेच्या व्हॉयेजर अंतराळयानांसोबत सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली, त्यात हे गाणं आहे. आणि त्याच तबकडीत आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी! हे सांगताना मला दरवेळी भरून येतं.

मी 'जॉनी'च सांगितलं. आमच्या खंजिरीवाल्यानं पहिल्याच ऐकण्यात ठेका धरला. पोरगा मात्र सुरुवातीचाच तुकडा अजून घोटतोय.