पुडीने तीन दिवसांत आराम पडला, तिथेच आम्ही फसलो

माझ्या आईला आमवात आहे. डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो. वय झालं की गुडघे झिजतात, ते दुखणं वेगळं. यात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, आणि दोन्ही हातांची बोटं, मनगटं सारखीच सुजतात. सकाळी उठल्यावर दीड-दीड तास तिची बोटं उघडायची नाहीत. वेंगुर्ले तालुक्यातल्या घरी ती एकटी असते. बाबांना जाऊन चार वर्षं झाली, दादा डोंबिवलीला, मी कुडाळला. विळीवर नारळ खवायला तिला शेजारच्या काकींना हाक मारावी लागायची, आणि ते तिला मनाला लागायचं.

उपचार चालू होते. दर दोन महिन्यांनी गोव्याला जाऊन तपासणी, आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी, जोडीला फॉलिक अ‍ॅसिड, मधून मधून रक्ताची तपासणी. हे औषध सावकाश लागू पडतं, फरक कळायला सहा ते बारा आठवडे जातात. गोळीच्या दुसऱ्या दिवशी तिला मळमळायचं. डॉक्टरांच्या दारात गर्दी, आईच्या वाट्याला पाच मिनिटं. डॉक्टर चांगले होते, तरी त्या पाच मिनिटांत तिचं बोलणं कधी पुरं झालं नाही. आम्ही मुलांनीही फोनवर "गोळ्या घेतल्यास ना?" यापलीकडे फारसं विचारलं नव्हतं. हे आधी सांगते, कारण पुढे ज्या माणसाने आम्हाला फसवलं, त्याने नेमकं इथेच बोट ठेवलं.

मे महिन्यात आंबा उतरायला लागला तेव्हा मावशीचा फोन आला. हायवेजवळच्या एका हॉलमध्ये तीन दिवसांचं निसर्गोपचार शिबिर आहे, राहणं-जेवण धरून साडेतीन हजार. मधुमेह, आमवात, ब्लडप्रेशर, थायरॉइड, निराशा, सगळं बिनऔषधाचं मुळापासून बरं करतात, असं पत्रकात छापलेलं. शिबिर घेणाऱ्याला सगळे गुरुजी म्हणत. पहिल्या दिवशी औषधाचा विषयच नाही. प्रत्येकाने आपली कहाणी सांगायची. आई बाबांच्या शेवटच्या दिवसांबद्दल पाऊण तास बोलली. तो माणूस मध्ये एक शब्दही न बोलता ऐकत होता. रात्री तिने मला फोन केला, आवाज भरलेला होता. "चार वर्षांत माका असा कोणी इचारल्यानच नाय गो," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याने तिला कारण सांगितलं. दाबून ठेवलेलं दुःख सांध्यांत साठतं, मनातली गाठ सुटली की बोटांची सुटते. गोळ्या म्हणजे रसायन, त्या बंद. गहू, दूध, मासे बंद. सकाळी कोहळ्याचा रस, दुपारी नाचणीची भाकरी आणि उकडलेली भाजी. आणि रोज दोन वेळा कोमट पाण्यातून एक पुडी, "जंगलातल्या एकवीस मुळ्यांची". महिन्याचं किट सहा हजार आठशे रुपये. त्यात साठ पुड्या, एक मंतरलेल्या पाण्याची बाटली आणि मनातलं लिहायला एक वही.

पुडी सुरू केल्याच्या तिसऱ्या दिवशी आईने व्हिडिओ कॉल केला. हात कॅमेऱ्यापुढे धरून म्हणाली, "बघ, मूठ मिटता!" खरंच मिटत होती. मी कुडाळच्या घरात उभी राहून रडले. मेथोट्रेक्सेट थांबवू का, असं तिने मला विचारलं, तेव्हा "बघूया थांबवून थोडे दिवस" असं मीच म्हटलं. पैसेही मीच पाठवले, मोबाइलवरून, कुणा एका माणसाच्या वैयक्तिक खात्यावर. पावती मागितली नाही. तीन दिवसांत आईची मूठ मिटवणाऱ्या माणसाकडे पावती मागायची मला लाज वाटली.

जून-जुलै आई खुशीत होती. पेज, भाकरी पोटभर खायची, पुन्हा भूक लागायची. चोपन्न किलोंची आई त्रेसष्टवर गेली. चेहरा गोल झाला, गालावर लाली आली. गावात जो तो म्हणे, तब्येत सुधारली. रात्री झोप नाही, दोन-दोन वाजेपर्यंत भांडी घासत बसायची. हातांवर जरा धक्का लागला तरी जांभळे डाग उमटायचे. हनुवटीवर लव दिसू लागली. मी गुरुजींना फोन केला तर ते म्हणाले, जुनं विष बाहेर पडतंय, शुद्धीकरण आहे, घाबरू नका. बरं वाटलं तर पुडीमुळे, त्रास झाला तर विष बाहेर पडतंय म्हणून, आणि दोन्ही नाही तर तुमची श्रद्धा कमी पडली. या बोलण्याला हरकत घ्यायला जागाच उरत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

चतुर्थीच्या तोंडावर पुड्या संपल्या. नवीन किट आणून देणारा माणूस फोन उचलेना. सात-आठ दिवस तसेच गेले. दादा-वहिनी मुंबईहून आले होते, घरात गणपती, मोदकांचं सारण परतता परतता आई चुलीपुढेच खाली बसली आणि तिला उठता येईना. दोन दिवस उलट्या होत होत्या, पण उपासाने असेल, जागरणाने असेल, म्हणत आम्ही वेळ घालवला होता. कुडाळला नेलं तेव्हा रक्तदाब ८०/५०, रक्तातलं सोडियम १२२ म्हणजे फारच खाली, साखर उतरलेली.

ड्युटीवरची डॉक्टर वयाने माझ्यापेक्षा लहान. तिने आईचा चेहरा पाहिला, बाही वर करून दंडावरचे डाग पाहिले आणि विचारलं, "कुठली पुडी घेता का, आजी?" आई गप्प. गुरुजींनी सांगून ठेवलं होतं, डॉक्टरांना काही बोलायचं नाही, ते घाबरवतात. शेवटी मी सांगितलं. त्या मुलीने हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन आणि सलाइन चालू केलं, आणि संध्याकाळी आई उशीला टेकून बसली.

मग त्या डॉक्टरने मला समजावलं, ते जसं समजलं तसं लिहिते. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक छोटी ग्रंथी असते, अ‍ॅड्रिनल. ती कॉर्टिसोल बनवते. रक्तदाब, साखर, आजारपणात तग धरणं, सगळं त्यावर. बाहेरून स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसोलसारखंच काम करणारं औषध, येत राहिलं की मेंदू त्या ग्रंथीला काम थांबवायला सांगतो. काही आठवड्यांत ती निजते. मग स्टेरॉइड एकदम तुटलं की अंगात कॉर्टिसोल राहत नाही, आणि माणूस असा कोसळतो. जिवावरही बेततं. गोल चेहरा, वाढलेली भूक, उडालेली झोप, जांभळे डाग, ही स्टेरॉइड जास्त झाल्याची लक्षणं. तीन दिवसांत मिटलेली मूठ, तीही त्यातलीच.

ज्या दिवशी मी आनंदाने रडले, त्याच दिवशी आम्हाला संशय यायला हवा होता. झाडपाल्याची पुडी तीन दिवसांत आमवाताची सूज उतरवत नाही. वेंगुर्ल्यात बाबांच्या ओळखीचे एक वैद्य आहेत, सत्तरी उलटलेले. घरात मागाहून सापडलेल्या पुड्यांपैकी एक त्यांना दाखवली. वास घेतला, चिमूट जिभेला लावली, आणि ती परत माझ्या हातात देत म्हणाले, "आमवाताला मी सहा-सहा महिने औषध देतो, पथ्य सांभाळायला लावतो, तरी असा गुण मला कधी आला नाही. यात आयुर्वेदाचं काही नाही. तपासून घे." दादाने दोन पुड्या मुंबईच्या एका प्रयोगशाळेत दिल्या. अहवालात डेक्सामेथासोन आणि डायक्लोफेनॅक निघालं. पहिलं जोरदार स्टेरॉइड, दुसरं कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारं वेदनाशामक. ज्या रसायनाच्या नावाने आईची गोळी बंद केली, तेच रसायन बेहिशेबी मात्रेत तिला दिवसातून दोनदा दिलं जात होतं.

निसर्गोपचाराचा मला राग नाही. आमच्या आजोबांकडे त्यावरची पुस्तकं होती. गांधीजींनी १९४६ साली उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम काढला, तो माती, पाणी, ऊन, आहार आणि उपवास यांवर. औषध न देणं हाच त्या शास्त्राचा पाया. निसर्गोपचाराच्या नावाखाली कुणी पुडी विकत असेल, तर तो त्याच शास्त्राच्या विरुद्ध वागतो आहे, एवढं तरी मला सुचायला हवं होतं. नाचणी, कुळथाची पिठी, सोलकढी हे आपलं जेवण चांगलंच आहे. पण आईचे बांगडे आणि तारल्या बंद करून कोणाचं भलं झालं? त्या माशांत ओमेगा-३ असतं, सूज कमी करायला थोडी मदतच होते, आणि किनाऱ्यावरच्या माणसाला त्याहून स्वस्त आणि चांगलं प्रथिन कुठलं? आता ती खाते, डॉक्टर खा म्हणतात. रोज बोटांचे व्यायाम करते, कोमट पाण्यात हात धरते. मेथोट्रेक्सेट पुन्हा सुरू झाली. स्टेरॉइड मात्र लगेच सोडता येत नाही, डॉक्टरांच्या हिशेबाने मिलिग्रॅम-मिलिग्रॅमने उतरवतात, त्यात महिने जातात. डाव्या मनगटाच्या एक्स-रेत हाड खाल्ल्यासारखं दिसतं. गेल्या वर्षीच्या फोटोत ते नव्हतं. दुखणं झाकलं गेलं होतं, आजार आत चालूच होता.

शिबिर आणि चार किटं मिळून तीस हजार सातशे गेले. पैशाचं दुःख आहेच, आईने काजूचे पैसे साठवले होते. पण ती वही मी वाचली तेव्हा जास्त लागलं. पानापानावर एकच. रागावल्याबद्दल माफी, बाबांवर रागावल्याबद्दल माफी, दुखलं त्याबद्दल माफी. दवाखान्यातही ती म्हणत होती, "माझा मन साफ नाय, म्हणान ह्यां झाला." तिच्या दुःखाला वाट हवी होती हे खरंच. ती तिला आता मिळते. आधी मानसिक आरोग्याच्या टेलिमानस हेल्पलाइनला, १४४१६ वर, मीच फोन लावून दिला, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आता पंधरा दिवसांनी एका समुपदेशक बाईंकडे जाते. त्या बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं, तुमचा आमवात तुमच्या रागाने झालेला नाही. आई घरी येऊन बराच वेळ पडवीत बसून राहिली.

तक्रार केली आहे. अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५. तिथे पहिला प्रश्न आला, लेबल आहे का? आयुर्वेदिक औषधावरही परवाना क्रमांक, बॅच नंबर, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि घटक छापलेले असावेच लागतात. आमच्या पुडीवर नुसता ओम होता. बिल नाही, खातं कुणा तिसऱ्याचं. मी जपून ठेवलेलं पत्रक मात्र कामाला आलं, कारण मधुमेह, संधिवात, रक्तदाब बरा करण्याची जाहिरात करणंच १९५४ च्या औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने गुन्हा आहे. चौकशी चालू आहे. हॉलवाला म्हणतो, मी फक्त जागा भाड्याने दिली. तुमच्याकडे अशी पुडी असेल तर फेकू नका, पाकिटासकट ठेवा. आणि महिनाभर घेतलेली असेल तर घाबरून आज एकदम बंदही करू नका. पुडी हातात घेऊन आधी डॉक्टरांकडे जा, आणि सगळं खरं सांगा.

एक गोष्ट लिहायला जड जाते. नवीन माणूस आणला की पंधरा दिवसांच्या पुड्या फुकट मिळत. आईने तीन बायका जोडल्या होत्या. फुकटासाठी नाही, आपल्याला बरं वाटलं ते त्यांनाही वाटावं म्हणून. दवाखान्यातून आल्यावर आम्ही दोघी त्यांच्याकडे गेलो. पहिली लगेच डॉक्टरांकडे गेली. दुसरीला मधुमेह, पुडी घेतल्यापासून साखर चारशेच्या वर, आणि पथ्य मोडलंस म्हणून मुलगा तिलाच बोलत होता. स्टेरॉइडने साखर चढते हे त्याला सांगितलं तेव्हा तो आईकडे बघून खाली बसला.

तिसऱ्या काकी बंदरावर मासळी विकतात. त्या ऐकेनात. "तुझा काय ता तुझा," म्हणाल्या आईला, "माका गुण इलो. पुडी सोडलंय तर पाटी कोण उचलतला?" त्यांनी हात पुढे करून बोटं उघडून-मिटून दाखवली, अगदी आईने मला दाखवली होती तशी. आई काही बोलली नाही. तिने लुगड्याचा पदर सारून दंडावरचे डाग दाखवले आणि त्यांच्या मनगटाजवळचे तसेच डाग आपल्या बोटाने मोजायला लागली. एक, दोन, तीन. काकींनी हात मागे घेतला. मग आत जाऊन डबा आणला, त्यातल्या निम्म्या पुड्या आईच्या ओटीत टाकल्या आणि निम्म्या डब्यात ठेवून झाकण लावलं. सोमवारी मी गाडी घेऊन येते, डॉक्टरांकडे जाऊ, असं मी म्हटलं. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.